राज्याला भारतातून फारकत घेता येते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. शिमग्याला गावी जमलात, वाडीच्या बैठकीत वेगळ्या कोकण राज्याच्या मागणीचा ठराव करायचं निघालं आणि तिथे फाटे फुटले. एकाचं म्हणणं, राज्य एकदा झालं की पुढेमागे भारतातून बाहेर पडायचा हक्क राज्याला असतोच. अमेरिकेत टेक्ससला आहे, आणि शेजारच्या गोव्यानेही १९६७ साली मतदान करूनच आपलं ठरवलं की. दुसऱ्याचं म्हणणं, असलं काही नुसतं तोंडातून काढलंत तरी आत जाल. ठराव तिथेच अडला आणि तुम्ही विचारताय, खरं काय.

सरळ उत्तर असं: भारतातल्या कुठल्याही राज्याला आपल्या मर्जीने संघराज्यातून बाहेर पडायचा घटनात्मक हक्क नाही, कधी नव्हताही. भारताच्या आत वेगळं राज्य मागायची मोकळीक मात्र पुरेपूर आहे, तो गुन्हा नाही. तुमच्या बैठकीत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली. तिचं मला नवल वाटत नाही. आपल्या भाषेत दोन्हीला ‘वेगळं होणं’च म्हणतात. आणि टेक्ससमध्येही लोक नेमकी हीच सरमिसळ करतात, त्याकडे येतो.

मी सिंधुदुर्गात तीसेक वर्षं वकिली करतोय. घटनेचे मोठे खटले माझ्या टेबलावर येत नाहीत. येतात ती वाटपं, हद्दीची भांडणं, सामाईक विहिरीवरचे पाळीचे वाद. मध्ये काही वर्षं संध्याकाळी कायद्याच्या मुलांना घटना शिकवली, तेव्हा लक्षात आलं की मुलांच्या डोक्यात राज्य आणि संघराज्य यांचं नातं घरच्या वाटपासारखं बसलेलं असतं. तुमच्या मित्राचंही तेच झालंय. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एकत्र कुटुंबातला हिस्सेदार माझ्याकडे येतो आणि सांगतो, “वकीलसाहेब, माका माझो वाटो होयो.” मी त्याला कारण विचारत नाही, कायदाही विचारत नाही. मुंबईचा भाऊ गावच्या भावांना रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडतो की मी आजपासून विभक्त. हा इरादा स्पष्ट शब्दांत समोरच्यांना कळवला गेला की कायद्याच्या नजरेत तो विभक्त झाला. कोणाच्या वाट्याला आंब्याची कुठली कलमं, ओटी कोणाची, पडवी कोणाची, ही सरसनिरस वाटणी पुढे दहा वर्षं कोर्टात चालेना का. बाकीच्या भावांची संमती लागत नाही. हा खरा एकतर्फी हक्क: एकाने म्हटलं, की झालं.

आता राज्यं ही अशी भावंडं आहेत, एके दिवशी एकत्र राहायचं ठरवून घरात आली, असं धरलं तर तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर ठरतं. ज्याने करार केला तो करार मोडूही शकतो. पण भारतातली राज्यं भावंडं नाहीत. ती सातबाऱ्यावरच्या पोटहिश्श्यांसारखी आहेत. जमीन आधी होती, सोयीसाठी मोजणी झाली, नकाशावर रेघा पडल्या आणि रेघांच्या आतल्या तुकड्यांना नंबर मिळाले. पोटहिस्सा तीन उठून कधी म्हणत नाही की मी या गावच्या नकाशात राहायला कबूल झालो होतो, आता नाही. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

हे माझ्या पदरचं नाही. आपल्याच मंडणगड तालुक्यातलं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे ठेवला, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता की पहिल्या कलमात ‘फेडरेशन’ न म्हणता ‘युनियन’ का म्हटलं. त्यांच्या उत्तराचा सारांश असा: हे संघराज्य राज्यांनी आपसात करार करून बनवलेलं नाही. आणि करारातून आलेलं नाही म्हणूनच कोणत्याही राज्याला त्यातून फुटायचा हक्क नाही. राज्यं आहेत ती कारभाराच्या सोयीसाठी, देश मात्र एकसंध. पुढे त्यांनी अमेरिकेचं उदाहरण दिलं. राज्यांना फुटायचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकनांना आपसात युद्ध करावं लागलं, तेव्हा तर्कवितर्कांना किंवा वादाला जागा ठेवण्यापेक्षा आपण ते सुरुवातीलाच लिहून टाकलेलं बरं. माझ्या धंद्यात याला चतु:सीमा नीट घालणं म्हणतात. खरेदीखतात ती ढिली राहिली की तीन पिढ्या माझ्यासारख्यांची चूल पेटते.

घटनेत यायचं दार आहे, कलम २. संसद नवीन प्रदेश संघात दाखल करून घेऊ शकते. सिक्कीम १९७५ साली राज्य म्हणून आलं ते छत्तिसाव्या घटनादुरुस्तीने. बाहेर जायचं दार शोधाल तर सापडणार नाही. आणि मधल्या भिंती हलवायची किल्ली आहे कलम ३ मध्ये, तीही राज्याच्या हातात नाही, संसदेच्या हातात आहे. नवं राज्य करणं, दोन जोडणं, एकाचं क्षेत्र कमी करणं, नाव बदलणं, सगळं संसद साध्या बहुमताच्या कायद्याने करू शकते. राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि ज्या राज्याच्या हद्दीला हात लागतो त्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं. नुसतं मागवावं लागतं. ते मानायचं बंधन नाही.

याचा दाखला आपल्याच राज्याचा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या मूळ विधेयकात महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर केंद्रशासित, अशी मांडणी होती. मुंबईच्या विधिमंडळाचं मत घेतलं गेलं ते या मांडणीवर. संसदेत पोचल्यावर चित्र पालटलं आणि निघालं ते थोरलं द्विभाषिक मुंबई राज्य. बाबूलाल पराते यांनी कोर्टात विचारलं, बदललेल्या मांडणीवर आमच्या विधिमंडळाला पुन्हा का नाही विचारलंत? सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली सांगितलं, गरज नव्हती. एकदा मत मागवलं की काम झालं, पुढे संसदेने काय बदल करायचे तो तिचा प्रश्न. द्विभाषिक शेवटी मोडलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने, १ मे १९६० ला. पण मोडणारा कायदाही संसदेचाच होता. अलीकडचं बघा: आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचं विधेयक फेटाळलं आणि २ जून २०१४ ला तेलंगण झालं. ज्या राज्याला आपली हद्दसुद्धा आपल्या मर्जीने राखता येत नाही, ते घर सोडून जायचा हक्क कुठून आणणार?

इथे वर्गात एखादं चलाख पोर हात वर करायचं, विशेषतः सावंतवाडीकडचं. सर, आमचं तर संस्थान होतं. राजेसाहेबांनी सामीलनाम्यावर सही केली म्हणजे करार झालाच की. प्रश्न खरोखर चांगला आहे आणि उडवून लावण्यासारखा नाही. १९४७ च्या सामीलनाम्यांनी संस्थानांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय सोपवले होते, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की पुढे होणारी घटना स्वीकारायला संस्थानिक बांधील नाही. तिथेच गोष्ट थांबली असती तर तुमच्या मित्राला वकील मिळाला असता. पण थांबली नाही. सावंतवाडी काय, मुरूडचं जंजिरा काय, १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली आणि संस्थान म्हणून उरलीच नाहीत. करार करणारा पक्षकारच संपला. शिवाय घटनेचं कलम ३६३ सांगतं की त्या जुन्या तह-करारांवरून उठणारे वाद कोर्टांनी ऐकायचे नाहीत. जम्मू-काश्मीरच्या बाबतीत हा मुद्दा सगळ्यात ताणून धरला गेला होता. तिथेही ११ डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामीलनाम्यानंतर आणि घटना लागू झाल्यावर त्या राज्याकडे वेगळं सार्वभौमत्व उरलेलं नव्हतं.

आता गोव्याचं. १९६७ च्या जनमत कौलाबद्दल आमच्या बाजूची जुनी माणसं अजून कळवळून बोलतात, त्यामुळे त्याच्या आठवणीत मूळ गोष्ट थोडी वितळली आहे. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, आणि १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने केंद्रशासित प्रदेश झाला. १६ जानेवारी १९६७ ला जे मतदान झालं ते संसदेने केलेल्या कायद्याखाली. मतपत्रिकेवर पर्याय दोनच: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, केंद्रशासित राहायला १,७२,१९१. चौतीस हजारांनी आपली बाजू हरली आणि पुढे ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाला. भारतात राहायचं की नाही हा प्रश्न त्या कागदावर नव्हताच. घर तेच, खोली कुठली एवढंच विचारलं होतं, आणि तेही घरच्या कारभाऱ्याने विचारलं म्हणून. गोव्याचा दाखला तुमच्या मित्राच्या बाजूने नाही, तुमच्या ठरावाच्या बाजूने आहे.

आणि टेक्सस. हा माझा आवडता खटला आहे, कारण एवढा मोठा प्रश्न सुटला तो रोख्यांच्या वसुलीच्या दाव्यात, म्हणजे आम्हा दिवाणी वकिलांच्या पंक्तीत. १८५० च्या सुमाराला हद्दीच्या तडजोडीपोटी अमेरिकेच्या केंद्र सरकारने टेक्ससला एक कोटी डॉलरचे रोखे, म्हणजे सरकारी कर्जाचे कागद, द्यायचं ठरवलं. गव्हर्नरची सही पाठीवर असल्याशिवाय रोखा दुसऱ्याच्या नावे होत नाही, असा टेक्ससचा कायदा होता. पुढे १८६१ मध्ये टेक्सस संघ सोडू पाहणाऱ्या बंडखोर राज्यांच्या गटात गेलं आणि यादवी युद्ध पेटलं. तिथल्या बंडखोर सरकारने सहीची अट काढून टाकली आणि युद्धाच्या शेवटच्या दिवसांत उरलेले काही रोखे व्हाइट आणि चाइल्स या दोघांना देऊन बदल्यात कापूस पिंजायच्या फण्या आणि औषधं घ्यायचा करार केला. युद्ध हरल्यावर टेक्ससच्या नव्या सरकारने थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला: आमचे रोखे परत द्या.

प्रतिवादींची कैफियत फार हुशारीची होती. या कोर्टात थेट दावा लावायचा अधिकार संघातल्या राज्याला आहे, टेक्सस तर संघ सोडून गेलं होतं, ते राज्यच नाही, सबब दावा चालत नाही. म्हणजे रोख्यांचं ठरवायच्या आधी कोर्टाला ठरवणं भाग पडलं की टेक्सस खरोखर गेलं होतं का. १८६९ साली सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी निकाल दिला की गेलंच नव्हतं. बाहेर पडायचा ठराव, त्यावरचं लोकांचं मतदान, सगळं कायद्याच्या दृष्टीने शून्य. संघ अभंग आणि राज्यंही अभंग. हे चेस युद्धाच्या काळात लिंकनचे अर्थमंत्री होते, तेव्हा त्यांचा कल कुठे असणार हे सांगायला नको. पाचाविरुद्ध तीन असा निकाल लागला. विरोधातल्या न्यायमूर्ती ग्रियर यांचं म्हणणं, कायद्याच्या कल्पनेत काहीही असो, राजकीय वस्तुस्थिती म्हणून टेक्सस बाहेर होतं हे डोळ्यांना दिसतंय. ताबा एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा, असला हा वाद, आणि मला ग्रियरबद्दलही थोडी सहानुभूती आहे.

मग टेक्ससला हक्क आहे ही अफवा आली कुठून? १८४५ साली टेक्सस अमेरिकेत सामील झालं त्या ठरावात एक तरतूद आहे: टेक्ससच्या संमतीने त्याच्या प्रदेशातून आणखी चारपर्यंत राज्यं पाडता येतील. पाडता येतील ती संघाच्या आत. लोकांनी ‘वेगळं व्हायचा हक्क’ एवढंच लक्षात ठेवलं आणि पुढचे शब्द गळले. तुमच्या वाडीच्या बैठकीत झालं तेच.

चेस यांच्या निकालातलं एक वाक्य मात्र नीट वाचण्यासारखं आहे. त्यांनी म्हटलं की संघ सोडायला जागा नाही, अपवाद क्रांतीचा किंवा राज्यांच्या संमतीचा. इथे माझं ‘हक्क नाही’ हे उत्तर जरा सैल करावं लागतं. हक्क नसणं वेगळं आणि कधीच न घडणं वेगळं. कुळाला घरातून काढायचा हक्क नसला तरी कुळ स्वतः खुशीने निघू शकतं, आणि क्वचित कुणी दंडेलीने काढतंही. तसंच देशांचं.

संमतीने फुटलेले देश आहेत. सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियातून वेगळं झालं ते दोन्ही सरकारांच्या समझोत्याने, आणि खरं तर मलेशियालाच ते नको झालं होतं. चेकोस्लोव्हाकियाची १ जानेवारी १९९३ ला दोन शकलं झाली, सार्वमतसुद्धा न घेता, दोन भाऊ वकिलाकडे न जाता मध्ये कुडाची भिंत घालतात तशी. बळाने फुटलेल्यांची यादी मोठी आहे, पण तिथे घटना कोणी उघडून बघत नाही, बाकीचं जग मान्यता देतं की नाही एवढंच बघतात.

या दोहोंच्या मधली, आणि मला सगळ्यात विचारी वाटणारी जागा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली काढली. क्वेबेक प्रांतात ३० ऑक्टोबर १९९५ ला सार्वमत झालं होतं आणि वेगळं होण्याच्या विरोधात ५०.५८ टक्के मतं पडली, म्हणजे थोडक्यात वाचलं. मग केंद्र सरकारने कोर्टालाच विचारलं की क्वेबेकला एकतर्फी जाता येईल का. कोर्टाने सांगितलं: नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने लोकांनी जायचं म्हटलं, तर बाकीच्या कॅनडाला कानावर हात ठेवता येणार नाही, वाटाघाटीला बसावंच लागेल. जायचा हक्क नाही, बोलणी मागायचा आहे. आणि त्या बोलण्यांत कर्ज कोणाच्या डोक्यावर, अल्पसंख्याकांचं काय, हद्दी कुठे, सगळं निघणार. वाटपाच्या कोर्टात बसून हयात गेलेल्या माणसाला हा निकाल ओळखीचा वाटतो. भारताला मात्र तो लागू नाही, हे तुमच्या मित्राला मुद्दाम सांगा.

घटनेतच फुटायचं कलम घालणारे देशही आहेत, थोडे. सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या घटनेतलं ७२ वं कलम प्रत्येक प्रजासत्ताकाला मुक्तपणे बाहेर पडायचा हक्क देत होतं. कसं पडायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिथुआनियाने ११ मार्च १९९० ला स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा मॉस्कोने पुढच्याच महिन्यात घाईने प्रक्रिया ठरवणारा कायदा केला: दोन तृतीयांश मतं, वर पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ. दीड-दोन वर्षांत संघच राहिला नाही. इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेत ३९ वं कलम आहे, ते प्रक्रियेसकट आहे. आणि कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स आणि नेव्हिस या इवल्याशा देशात नेव्हिस बेटाला जाण्याचा हक्क घटनेनेच दिलाय, अट दोन तृतीयांश मतांची. १९९८ साली मतदान झालं, जवळपास ६२ टक्के लोकांनी जाऊ म्हटलं आणि बेट तिथेच राहिलं. ज्या घरात दाराला कडी आहे त्या घरातही कडी उघडणं सोपं नसतं, हे त्यावरून दिसतं.

भारतात संमतीने तरी एखादा भाग जाऊ शकतो का, हेही तुम्ही उद्या विचाराल. जमिनीचा तुकडा जाऊ शकतो, पण राज्याच्या इच्छेने नाही. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बेरूबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात १९५८ साली ठरलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये मत दिलं की कलम ३ खाली साधा कायदा करून देशाची जमीन परदेशाला देता येत नाही, घटनादुरुस्तीच हवी. बांगलादेशाशी ‘छिटमहालां’ची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या गावांची, अदलाबदल २०१५ साली झाली तीही शंभराव्या घटनादुरुस्तीने. आपली १११ गेली, त्यांची ५१ आली. पण हद्द नीट करणं वेगळं आणि अख्खं राज्य सोडून देणं वेगळं. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदही हात लावू शकत नाही असं ठरलं, आणि त्या चौकटीत काही न्यायमूर्तींनी देशाची एकता आणि अखंडता मोजली आहे. त्यामुळे माझ्या मते असली घटनादुरुस्तीही कोर्टात टिकणं अवघड. मोठमोठ्या वकिलांचं यावर एकमत होईलच असं नाही, प्रसंगच आलेला नाही.

तर आतापर्यंतचं एका दमात: एकतर्फी हक्क नाही, आत वेगळं राज्य होऊ शकतं ते संसदेच्या कायद्याने, टेक्सस आणि गोवा दोन्ही दाखले आतल्या वेगळेपणाचे आहेत. राहिला तुमचा दुसरा मित्र, आत जाल म्हणणारा.

तो अगदीच चुकीचा नाही. १९६० च्या आसपास मद्रासकडे द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेच्या वेगळ्या देशाची, मागणी जोरात होती. द्रमुक पक्षाचे नेते अण्णादुराई यांनी १९६२ साली राज्यसभेत उभं राहून ती मांडली. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरच्या वाजवी निर्बंधांत देशाची सार्वभौमता आणि अखंडता हे कारण घातलं, आणि त्याच सुमारास त्यांच्या पक्षाने ती मागणी सोडली. आमदारकी-खासदारकीचा फॉर्म भरताना निवडणूक अधिकाऱ्यासमोर उमेदवार जी शपथ वाचतो, त्यातली ‘सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन’ ही ओळ तेव्हाची. मी सूचकांसोबत बरेचदा त्या खोलीत उभा राहिलोय. बाहेर ढोल वाजत असतात आणि उमेदवार ती ओळ एका श्वासात संपवून सहीला पेन मागतो. पुढे १९६७ साली बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा आला, ज्याला सगळे यूएपीए म्हणतात. भारताचा एखादा भाग संघातून फुटावा अशा मागणीला बोलून किंवा लिहून पाठिंबा देणं त्यात बेकायदेशीर कृत्य ठरतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आहे, त्यात जन्मठेपेपर्यंत जाता येतं.

पण तोंडातून शब्द निघाला की गुन्हा, असंही नाही. इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी चंदीगडमध्ये दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली त्यांना सोडलं, कारण एक-दोनदा दिलेल्या त्या घोषणांना कोणी प्रतिसाद दिला नव्हता, काही घडलं नव्हतं. तो निकाल जुन्या राजद्रोहाच्या कलमाखालचा आहे, यूएपीएखाली जामीन मिळवणं त्याहून कठीण. शब्द कोणते, कुठे, कोणासमोर, त्याने काय पेटलं, यावर सगळं ठरतं. मात्र राज्याला फुटायचा हक्क आहे की नाही याची चर्चा करणं, मी आत्ता करतोय तशी, हा अभ्यास झाला. आणि भारताच्या आत वेगळं राज्य मागणं तर कलम ३ मध्येच बसतं. विदर्भाची मागणी इतकी वर्षं उघड चालू आहे.

तरी शब्द जपा म्हणतो, त्यामागे एक रात्र आहे. काही वर्षांपूर्वी नऊ वाजता एका ओळखीच्याचा फोन आला, पोराला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलंय. पोराने नाक्यावर फ्लेक्स लावला होता: ‘स्वतंत्र कोकण राज्य झालंच पाहिजे’. बांबूच्या चौकटीवर ठोकताना कडेचा भाग मागे दुमडला आणि ‘राज्य’ हा शब्द नेमका त्या दुमडीत गेला. समोरून दिसत होतं ‘स्वतंत्र कोकण’ आणि खाली ‘झालंच पाहिजे’. कुणीतरी फोटो वर पाठवला. ठाण्यातला अंमलदार वाईट माणूस नव्हता, पण फोटोच्या पलीकडे काही बघायला तयार नव्हता. मी म्हटलं, जप्त केलाय ना, तो आणा आणि खिळे काढा. हवालदाराने ठाण्याच्या फरशीवर फ्लेक्स पसरला, पकडीने खिळे उपटले, दुमड उलगडली आणि पिवळ्या अक्षरांतलं ‘राज्य’ बाहेर आलं. जबाब लिहून घेऊन साडेअकराला पोराला सोडलं. घरी जाताना पोरगा म्हणाला, छापायचे पैसे वाचवायला लहान घेतला होता.

म्हणून तुमच्या ठरावात ‘स्वतंत्र कोकण’ लिहू नका. लिहा: “भारतीय संविधानाच्या कलम ३ अन्वये संसदेने कोकणाचे वेगळे राज्य निर्माण करावे, अशी ही सभा मागणी करते.” कोकण म्हणजे कुठले जिल्हे, तेही नावांसकट लिहा, कारण रायगड, ठाणे, पालघर धरायचे की नाहीत यावर तुमचं पुढचं भांडण होणारच आहे. प्रत मुख्यमंत्र्यांना पाठवाल तशी तुमच्या खासदारांनाही पाठवा. या बाबतीत कागद शेवटी हलतो तो दिल्लीत.